रक्ताच्या गोळ्या

आमच्या भागात गोळीला नाव नसतं, रंग असतो. पाकिटावर काय छापलंय ते वाचणारे नाहीत असं नाही, पण वाचणाराही दुकानात येऊन म्हणतो, "ती बारकी गुलाबी द्या, माय घेती ती." दिंद्रुडच्या बाजाररस्त्यावर माझं मेडिकलचं दुकान आहे. या रंगांच्या बोलण्यावर मी सुरुवातीची काही वर्षं फार चिडायचे. मग एकदा एका म्हाताऱ्याला समजावताना मी स्वतःलाच ऐकलं, "बाबा, सकाळी पिवळी, जेवल्यावर पांढरी, आणि ही तपकिरी फक्त झोपताना." त्याला दुसरं काय सांगणार होते? तेव्हापासून चिडणं कमी झालं. बंद झालं म्हणणार नाही. चिडणं हा माझा स्वभाव आहे आणि सासरच्या माणसांनी तो केव्हाच सोसायचं ठरवलेलं आहे.

सासर व्यापाऱ्यांचं. सकाळी कपाळाला विभूती लावायची, गल्ल्याला हात जोडायचे, शटर वर करायचं. सासऱ्यांचं कापडाचं दुकान आणि त्याच्या शेजारच्या गाळ्यात मी. फार्मसी शिकलेली सून भाकरी थापत घरात बसणार नाही हे त्यांनी लग्नाच्या पहिल्या महिन्यातच ओळखलं आणि गाळा रिकामा करून दिला. गिऱ्हाईक मात्र बरेच दिवस मला काउंटरवर पाहून विचारायचं, "मालक न्हाईत का?" मी म्हणायचे, "मीच मालक." मग ते शेजारी जाऊन सासऱ्यांच्या हातात चिठ्ठी द्यायचं, आणि सासरे ती घेऊन माझ्याकडे यायचे.

दुकानात मी कंपनीची औषधं ठेवते आणि जेनेरिकही ठेवते. औषध तेच, ताकद तीच, फक्त वर मोठ्या कंपनीचं नाव नाही, म्हणून स्वस्त. डॉक्टरांनी कंपनीचं नाव लिहून दिलं असेल तर मी आपल्या मनाने बदलत नाही. त्यांना फोन करते, ते हो म्हणाले की गिऱ्हाइकाला विचारते. खरी लढाई तिथे सुरू होते. गिऱ्हाईक पाकीट उलटंपालटं करतं, वास घेतं, आणि म्हणतं, "डुप्लिकेट तर न्हाई ना?" मग मी गुळाचं सांगते. माजलगावच्या धरणापासून इकडं सगळा उसाचा मुलूख, गूळ लहान पोरालाही कळतो. एकाच काहिलीत आटवलेला गूळ, अर्धा नुसत्या फडक्यात बांधला आणि अर्धा छापील कागदात. गोडी बदलते का? बहुतेकांना हे पटतं आणि तरीही ते छापील कागदातलाच मागतात.

एकदा एका निवृत्त गुरुजींनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमचे सासरे कोणती घेतात?" सासरे बीपीची कंपनीचीच गोळी घेतात. सुनेनं हात टेकले, पण ते ऐकत नाहीत. गुरुजी म्हणाले, "म्हणजे वरून कीर्तन आतून तमाशा," आणि कंपनीची गोळी घेऊन गेले. सासऱ्यांनी हे पलीकडून ऐकलं होतं. ते दिवसभर हसत होते.

बाजाराच्या दिवशी एक बाई यायची. दिंद्रुडजवळच्या एका वस्तीवरची, पन्नाशीच्या आसपासची. आयुष्यभर ऊस तोडला, मग कंबर गेली आणि टोळीबरोबर जाणं सुटलं. उभी राहिली की एक हात कंबरेवर असायचाच. दुसऱ्या हातानं पदराची गाठ सोडून ती रिकामं पाकीट काउंटरवर ठेवायची आणि म्हणायची, "हेच द्या." पाकीट फिटच्या गोळीचं होतं, नावाजलेल्या कंपनीचं. गोळी विटकरी लाल. चिठ्ठी माजलगावच्या डॉक्टरांची आणि तिच्या लेकीसाठी लिहिलेली. लेक गेवराईकडे दिलेली होती, पण गोळ्या मात्र आई इथून नेऊन पोचवायची.

मी पहिल्याच वेळी डॉक्टरांना फोन केला होता. ते म्हणाले, "जेनेरिक चालेल. मात्र एक धरलं की तेच ठेवायचं. फिटच्या औषधात आज हे आणि उद्या ते नको." म्हणजे माझ्या दृष्टीने रस्ता मोकळा होता. जेनेरिक गोळी पांढरी होती आणि निम्म्याहून कमी किमतीत मिळत होती. मी ती बाईसमोर ठेवली. तिनं बोटानं परत माझ्याकडे सरकवली.

"पांढरी न्हाई चालत."

"मावशी, औषध तेच आहे."

"आसंल. पन लालच द्या."

असं किती बाजार चाललं असेल कोण जाणे. दर वेळी मी गूळ काढायचे आणि दर वेळी ती मान डोलवून लाल गोळ्या घेऊन जायची. पालथ्या घड्यावर पाणी. तिच्या पायात धड चप्पल नसायची, ते बघून मला आणखीच राग यायचा. पैसे हिचे, हाल हिचे, आणि हट्ट कशाचा तर रंगाचा. एका बाजाराला दुकानात गर्दी होती, उकाडा होता, आणि माझा तोल गेला. मी म्हटलं, "मावशी, गोळी गिळायची असते. तिचा रंग काय कपाळाला लावायचाय का?"

दोघं-तिघं हसले. बाई हसली नाही आणि रागावलीही नाही. ती बाजूला होऊन बाकावर बसली आणि गर्दी ओसरेपर्यंत तशीच बसून राहिली. मला वाटलं कंबर दुखत असेल. दुकान रिकामं झालं तेव्हा ती उठून काउंटरजवळ आली आणि हळूच म्हणाली, "ताई, रंगच पायजे. लेकीच्या घरी ठावं न्हाई."

"काय ठाऊक नाही?"

"तिला फिट येती ते."

मी हातातलं काम खाली ठेवलं. "मग गोळी कशाची म्हणून सांगितलंय?"

"रक्ताची. अंगात रक्त कमी हाय म्हणून सांगितलंय."

सरकारी दवाखान्यातून बायकांना रक्तवाढीच्या गोळ्या मिळतात, आशाताई घरोघर आणून देतात. त्या लाल असतात. आमच्याकडची कुठलीही बाई लाल गोळी दिसली की ओळखते, रक्ताची. बाईच्या लेकीची गोळी योगायोगानं त्याच रंगाची निघाली आणि त्या योगायोगावर एक लग्न उभं होतं. "पांढरी रक्ताची गोळी कुनी बगितलीय का, ताई?" तिनं मला विचारलं. मी बघितली नव्हती.

मग तिनं सगळं सांगितलं. पोर लहान असल्यापासून फिट यायची. अंगारे झाले, धुपारे झाले, कुणी म्हटलं म्हणून कांद्याचा आणि चपलेचा वास देऊन झाला. शेवटी कुणीतरी माजलगावच्या डॉक्टरांकडे न्यायला सांगितलं, ही गोळी सुरू झाली, आणि फिट थांबली. एकदा थांबली ती परत आलीच नाही. पोर वयात आली, स्थळ आलं, मुलगा चांगला होता. घरात बोलणं झालं ते एवढंच, की सांगायचं नाही. पोर गोळ्या पाकिटातून काढून एका प्लास्टिकच्या डबीत ठेवायची, कारण पाकिटावर नाव असतं आणि सासरी एक दीर शिकलेला होता. रिकामी पाकिटं आईकडे परत यायची. तीच आई माझ्यापुढे ठेवायची.

मला आधी रागच आला. दुसऱ्याच्या घरात सून म्हणून पाठवायची आणि त्यांना अंधारात ठेवायचं, हे मला पटलं नाही आणि मी ते तोंडावर बोलले. "सांगायला हवं होतं, मावशी."

"सांगितलं आस्तं तर कुनी केली आस्ती का?"

"निदान जावयाला तरी."

"त्यो लई गुनाचा हाय. पन त्याला आई हाय, भाऊ हाय. आन् मुकादम हाय."

मुकादम हे खरं कारण. ऊसतोडीच्या टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. नवरा ऊस तोडतो, बायको वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, कापते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेते. दोघांतलं एक नसेल तर तो अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम विचारत नाही. जिच्या हातात धारदार कोयता असताना फिट येऊ शकते अशा बाईला तर कुणीच नेणार नाही. आणि न नेण्यात चूक आहे असंही मला म्हणता येईना. मी विचारलं, "एखाद्या दिवशी गोळी चुकली तर? उसात काय होईल, कळतंय का?" ती म्हणाली, "कळतंय म्हणूनच तर चुकत न्हाई."

त्या दिवसापासून माझं गुळाचं कीर्तन तिच्यापुरतं बंद झालं. लाल गोळी मी न बोलता काढून द्यायचे. एवढंच नाही, ती संपू देत नव्हते. एकदा घाऊक व्यापाऱ्याकडे त्या कंपनीचा माल आला नाही. तो फोनवर म्हणाला, "ताई, जेनेरिक घ्या की, तुमीच तर सगळ्यांना सांगता." मी त्याच्यावर अशी खेकसले की शेजारून सासरे उठून आले. मला त्यांना कारण सांगता येईना. ते म्हणाले, "जेनेरिकवाली बाई आज कंपनीसाठी भांडायली," आणि परत जाऊन गादीवर बसले. शेवटी गेवराईच्या एका ओळखीच्या दुकानातून मी त्या गोळ्या मागवून घेतल्या.

मला हे आवडत होतं असं नाही. एका खोट्याचा नियमित पुरवठा माझ्या दुकानातून होत होता. औषधाच्या गोळ्या पाकिटातून काढून बिननावाच्या डबीत ठेवणं तर मला मुळीच मान्य नाही, कुणी विचारलं तर मी आजही तेच सांगेन. पण पांढरी गोळी देऊन त्या पोरीचा संसार मोडायचा अधिकार मला कुणी दिला होता? मी लाल देत राहिले.

दसरा झाला की आमच्या रस्त्यावरून ट्रॅक्टर आणि ट्रक जायला लागतात. मागे भांडी, गोधड्या, कोंबड्या, त्यावर माणसं. दुकानात त्या आठवड्यात गर्दी असते. खोकल्याचं औषध, अंगदुखीची गोळी, पोरांच्या जुलाबाची पुडी, सगळं गाठोड्यात बांधून न्यायचं असतं. ती बाईही आली. लेकीचं लग्नानंतरचं हे तोडणीचं दुसरं वर्ष. पहिलं निभावलं होतं. तिनं पाडवा उलटला तरी पुरतील इतक्या गोळ्या एकदम मागितल्या. मी डॉक्टरांना विचारून दिल्या आणि बजावलं, डबी घट्ट लावायला सांग, उन्हात ठेवू नको म्हणावं, एकही दिवस चुकवू नको म्हणावं. ती म्हणाली, "हुशार हाय माजी लेक."

होळी झाली, टोळ्या परत यायला लागल्या. बाईचा पत्ता नव्हता. पाडव्यानंतरच्या एका बाजाराला ती आली, पण पाकीट काढलं नाही. सरळ बाकावर बसली. मी पाणी दिलं. तिनं ते घेतलं नाही.

"समद्यांला कळलं," ती म्हणाली.

मला वाटलं फिट आली. मी विचारलं, लागलं का, कोयता लागला का. ती म्हणाली, "फिट कुठं आली? आली आस्ती तर परवडलं आस्तं. तिनं आपल्याच तोंडानं सांगितलं."

झालं होतं ते असं. खाली कर्नाटकाच्या बाजूला एका कारखान्याचा ऊस तोडायला टोळी उतरली होती. पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, शेजारी शेजारी. एका कोपीत मीठ संपलं की दुसरीतून घ्यायचं, एकीचं पोर दुसरीनं सांभाळायचं, तिथे कुणी कुणाला नाही म्हणत नाही. शेजारच्या कोपीतली एक बाई पोटुशी होती, दिवस भरत आलेले. तिथल्या दवाखान्यात सांगितलं होतं की रक्त फार कमी आहे. तिच्या लाल गोळ्या संपल्या होत्या, आणि ऊस सोडून परत दवाखान्यात जायला तिला कोण सोडणार? बाईच्या लेकीची थोरली जाऊ त्याच टोळीत होती. जाऊ मनानं चांगली. ती म्हणाली, "आमच्या धाकलीकडं डबीभर हायत की." धाकटी पाणी आणायला गेली होती. जावेनं कोपीत जाऊन डबी उघडली आणि गोळ्या काढून त्या पोटुशीला दिल्या.

लेक पाणी घेऊन आली तेव्हा बायका कोपीपुढं बसलेल्या होत्या. पोटुशीच्या तळहातावर दोन लाल गोळ्या होत्या आणि दुसऱ्या हातात पाण्याचा पेला.

"मग?" मी विचारलं.

"मंग काय. म्हणली, आक्का, खाऊ नको. ती रक्ताची न्हाई. ती फिटची हाय. मला फिट येती." बाईनं डोळे पुसले नाहीत, कारण डोळ्यांत पाणी नव्हतं. ती लेकीवर संतापलेली होती. "समद्या बायकांम्होरं. जावंम्होरं. एवढी वर्सं आमी झाकलं, आन् हिनं एका दमात... कावून सांगायचं? गोळी संपली म्हणायचं, खराब झालीय म्हणायचं, हातातून पाडायची. सुचतं की मान्साला काईबी. का सुचू नाय तिला?"

मी पुढचं विचारलं. पुढचं सरळच होतं. जिला वाचवायला तोंड उघडलं, त्या बाईच्याच नवऱ्यानं दिवस मावळायच्या आत मुकादमाला सांगितलं, की हिच्या हातात कोयता देऊ नका, आमच्या बायका-पोरांत बसती ही. त्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते, तो घाबरला असेल. मुकादमानं अर्ध्या हंगामातून परत पाठवलं नाही, पण तिचा कोयता काढून घेतला आणि टोळीचा स्वयंपाक तिच्यावर टाकला. जाऊ रडली, म्हणाली, मी डबीला हात लावला नसता तर बरं झालं असतं. नवरा दोन-तीन दिवस बोललाच नाही. नंतर बोलायला लागला, पण गोळीबद्दल शब्द काढला नाही. हंगाम संपल्यावर तो तिला आईच्या वस्तीवर सोडून गेला. पाडव्याला न्यायला येतो म्हणाला होता. पाडवा होऊन गेला होता. त्या पोटुशीला मुलगा झाला, सगळं नीट झालं. हेही बाईनंच मला सांगितलं, आणि सांगताना तिच्या आवाजात गोडवा नव्हता.

मला त्या सगळ्यांचा राग आला. मुकादमाचा, त्या नवऱ्याचा, जावयाचा. आणि खरं सांगायचं तर, थोडा त्या पोरीचाही. आई म्हणत होती तसं काहीतरी सुचायला हवं होतं, असं मलाही त्या रात्री जेवताना वाटत राहिलं. मी घरी कुणाला बोलले नाही. सासऱ्यांनी विचारलं, आज मीठ जास्त का पडलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी दुपारी एक तरुण मुलगी दुकानात आली. बाजाराचा दिवस नव्हता. बाकावर दोन बायका बसल्या होत्या, एकीच्या मांडीवर तापलेलं पोर होतं, त्याच्यासाठी मी औषध मोजून देत होते. मुलगी बाजूला थांबली. आईपेक्षा उंच, सावळी, हातांवर पाचटाचे जुने ओरखडे. माझं काम झाल्यावर ती पुढे आली आणि वस्तीचं नाव सांगून म्हणाली, "तिथनं गोळ्या न्यायला येती ती माजी आई."

मी तिला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. तिच्या गोळ्या मी वर्षभर जिवाच्या आकांतानं मिळवत होते, आणि ती कशी दिसते हे मला आज कळत होतं. माझा हात आपसूक फळीवरच्या लाल गोळ्यांकडे गेला.

"त्या न्हाई," ती म्हणाली. "आई म्हणती तुमच्याकडं पांढऱ्या मिळत्यात, त्याच औशदाच्या. त्या द्या."

मला आनंद व्हायला हवा होता. गावातल्या प्रत्येक माणसाला जी गोष्ट पटवताना माझा घसा कोरडा पडतो, ती ही पोर न सांगता मागत होती. मला आनंद झाला नाही. मी म्हटलं, "लाल आहेत की. हव्या तेवढ्या आहेत."

"लाल कशाला, ताई? आता झाकायचं कुनापासून?"

मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, बदला, पण आता पांढरीवरच ठेवा, दोन्ही एकत्र घ्यायच्या नाहीत, पहिले काही आठवडे घरात कुणीतरी लक्ष ठेवा आणि मला दाखवून जा. मी तिला ते सगळं सांगितलं आणि परत म्हणून दाखवायला लावलं. तिनं एकही शब्द न चुकता म्हणून दाखवलं. आईचं खरं होतं, पोर हुशार होती.

मी गोळ्या काढून काउंटरवर ठेवल्या. ती त्यांच्याकडे बघत होती, पण उचलत नव्हती. मग तिनं विचारलं, "ताई, एक खरं सांगा. त्या आक्कानं दोन गोळ्या खाल्ल्या आस्त्या तर काय झालं आस्तं?"

हा प्रश्न येईल असं मला वाटलं नव्हतं. पोटातल्या बाळाला ते औषध चांगलं नाही, हे खरं. रोज घेतलं असतं तर मोठी काळजी होती, हेही खरं. पण तिनं विचारलं होतं ते दोन गोळ्यांचं. तू तिचा आणि तिच्या लेकराचा जीव वाचवलास, असं म्हणायला माझं काहीच गेलं नसतं. पोरीचा संसार गेला होता, बदल्यात एवढं तरी तिला मिळालं असतं. पण औषधाच्या बाबतीत मी कुणाला खोटं सांगत नाही, आणि तिनं खरं सांगा म्हटलं होतं.

"दोन गोळ्यांनी बहुतेक काही झालं नसतं," मी म्हणाले. "गुंगी आली असती. पण रोज घेत राहिली असती तर सांगता येत नाही."

तिनं मान हलवली. तिचा चेहरा पडला नाही. "मला बी तवाच वाटलं होतं तसं. म्हणलं, गप बसावं, दोन गोळ्यानं काय होतंय." तिनं पदर खांद्यावर नीट केला. "पन रक्ताच्या हायत म्हणून मीच सांगितलेलं ना. माज्या बोलण्यावर इश्वास ठिवून ती खायली होती."

इतकी वर्षं मी लोकांना एका गोळीऐवजी दुसरी देते आहे, आणि दर वेळी तोंडानं सांगते की ताई, बाबा, विश्वास ठेवा, तेच आहे. ते ठेवतात किंवा ठेवत नाहीत. या पोरीवर त्या पोटुशीनं काहीही न विचारता ठेवला होता, आणि तो हिला झेपला नाही. आईला जे सुचलं, मला जेवताना जे सुचलं, ते हिला सुचलं नव्हतं असं नाही. तिनं ते बाजूला ठेवलं होतं. मला तिच्याबद्दल वाटलेल्या रागाची लाज वाटली.

"नवरा येतोय का न्यायला?" मी विचारलं.

"फोन करतो," ती म्हणाली. "आईला इचारून सांगतो म्हणतो." त्यात तक्रार नव्हती, आशाही फारशी नव्हती. मग तिनं विचारलं, "पानी हाय का? डबी कालच संपली, सकाळची राह्यलीय."

मी माठातलं पाणी पेल्यात भरून दिलं. तिनं पाकीट फोडून एक पांढरी गोळी तळहातावर घेतली. बाकावरच्या दोघींतली मोठी, जिच्या मांडीवर पोर नव्हतं ती, मघापासून आमच्याकडे बघत होती. आमच्याकडे बायका एकमेकींना विचारतातच, त्यात वाईट कुणी मानत नाही. तिनं विचारलं, "कशाची गं गोळी, बाई?"

मी घाईनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"फिटची," पोरगी म्हणाली, आणि पाणी प्यायली.